काडीची किंमत

मराठी भाषेने काडीवर फार अन्याय केला आहे. एखाद्या वस्तूला मोल नसले की तिला ‘काडीची किंमत नाही’ म्हणावयाचे, एखाद्याला समज नसली की त्याला ‘काडीची अक्कल नाही’ म्हणावयाचे, आणि संसार मोडला की तो ‘काडीमोड’. पण हीच भाषा बोलणारी माणसे लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी शिंदीच्या पात्यांची नवी केरसुणी पाटावर मांडतात, तिला हळदकुंकू वाहतात आणि लक्ष्मी म्हणून तिच्यापुढे हात जोडतात. बोलण्यात कवडीमोल आणि पूजेत लक्ष्मी! या दोहोंतले खरे कोणते, हा प्रश्न मला पुष्कळ दिवस पडला आहे. आणि तो नुसत्या भाषेचा नाही. गेली दोनशे वर्षे जगातले रसायनशास्त्रज्ञ, सेनाधिकारी, कारखानदार आणि अर्थमंत्री हाच प्रश्न सोडवीत आले आहेत. शेतात उरलेल्या काडापासून, भुशापासून, चिपाडापासून मद्यार्क काढता येतो आणि त्यावर मोटार चालते, ही वार्ता हल्ली वर्तमानपत्रांतून वरचेवर वाचावयास मिळते. ती अगदी ताजी आहे अशी पुष्कळांची समजूत दिसते. वास्तविक तिचे वय दोनशे वर्षांचे आहे. फराळाचे ताट समोर असताना रसायनशास्त्र काढल्याबद्दल वाचक क्षमा करतील अशी आशा आहे. कारण हा इतिहास शेवटी ताटापर्यंतच येऊन पोचतो.

प्रथम काडीच्या पोटात काय दडले आहे ते पाहू. तांदळाचा दाणा आणि भाताचा पेंढा ही एकाच रोपाची लेकरे. दाण्यात पिष्ट असते, पेंढ्यात सेल्युलोज असते; आणि नवल असे, की दोन्ही ग्लुकोज या एकाच साखरेची बनलेली असतात. फरक असतो तो साखरेचे कण एकमेकांना बांधणाऱ्या गाठीत. पिष्टातली गाठ आपल्या पोटातल्या पाचकरसांना सुटते, सेल्युलोजातली सुटत नाही. म्हणून भात खाऊन आपण जगतो, आणि पेंढा खाऊन उपाशी मरू. वसुबारसेला आपण जिची पूजा करतो त्या गाईलाही ती गाठ स्वतः सोडवता येत नाही. तिच्या पोटाच्या पहिल्या कप्प्यात राहणारे कोट्यवधी सूक्ष्म जीव तिच्यासाठी ते काम करतात, आणि ती निवांत रवंथ करीत बसते.

शिवाय काडीत सेल्युलोज एकटे नसते. कोकणातल्या कुडाच्या भिंतीची कल्पना करावी. उभ्या काठ्या म्हणजे सेल्युलोज. त्यांना बांधणारे वेल म्हणजे हेमिसेल्युलोज नावाचा दुसरा पदार्थ, ज्यात निराळ्या जातीची साखर असते. आणि वरून चढवलेले मातीचे लिंपण म्हणजे लिग्निन. साखर पाहिजे तर आधी हे लिंपण सैल करावे लागते, मग वेल सोडावे लागतात, मग काठ्यांना हात घालावयाचा. एकदा साखर सुटी झाली की ती आंबवून तिचा मद्यार्क करणे ही माणसाला हजारो वर्षे अवगत असलेली कला आहे. अडचण सगळी भिंत मोडण्यात आहे.

ही भिंत पहिल्याने मोडली ती फ्रान्समधल्या नान्सी गावच्या आंरी ब्राकोनो या रसायनशास्त्रज्ञाने. गावच्या वनस्पतिउद्यानाचा हा संचालक. १८१९ साली त्याने जुन्या तागी कापडाच्या चिंध्या घेतल्या, त्या गंधकाम्लात भिजवून कालवल्या, तो लगदा पाणी घालून उकळला, खडूने आम्ल मारले आणि उरलेले पाणी आटवले. भांड्यात साखर राहिली. एवढेच नव्हे, तर चिंध्यांच्या वजनाहून साखरेचे वजन जास्त भरले. यात काही चेटूक नव्हते. गाठ सुटताना साखरेच्या प्रत्येक कणाला पाण्याचा एक रेणू येऊन मिळतो, त्याचे ते वजन. लाकडाच्या भुशावरही त्याने हाच प्रयोग करून पाहिला. ‘सेल्युलोज’ हा शब्द तेव्हा जन्मलाही नव्हता. आंसेल्म पायें या फ्रेंच शास्त्रज्ञाने तो पदार्थ १८३८ साली वेगळा काढला आणि मग हे नाव रूढ झाले. म्हणजे आपल्याकडे पेशवाई बुडाली त्याच्या पुढच्याच वर्षी काडीतली साखर काढण्याची विद्या माणसाच्या हाती आली होती. मग मोटारीच्या टाकीत ती यावयास दोन शतके का लागली?

विद्या कमी पडली म्हणून नव्हे. जर्मनीत १८९८ साली लाकडाच्या टाकाऊ भुशापासून व्यापारी प्रमाणावर मद्यार्क काढण्याचा प्रयत्न झाला. विरल गंधकाम्लाची ती रीत. शंभर किलो लाकडामागे साडेसात लिटरांच्या आसपास मद्यार्क पदरात पडे. पुढे १९१० साली अमेरिकेत दक्षिण कॅरोलायनामधील जॉर्जटाउन येथे एका लाकूडगिरणीच्या भुशावर चालणारा कारखाना उभा राहिला आणि मागोमाग लुइझियानात फुलर्टन येथे दुसरा. प्रत्येकी रोज पाच ते सात हजार गॅलन मद्यार्क ते काढीत. पहिले महायुद्ध असेतोवर त्यांचे बरे चालले. युद्ध संपले, लाकूडकटाई घटली, भुसा मिळेनासा झाला आणि भट्ट्या विझल्या.

यानंतरच्या इतिहासात हीच कथा पुन्हा पुन्हा घडते. युद्ध आले की काडीला किंमत येते. तह झाला की ती जाते. १९३० नंतरच्या दशकात जर्मनीत हाइन्रिश शोलर याच्या पद्धतीचे कारखाने निघाले. कोळशापासून तेल काढण्याच्या कामी ज्याचा उपयोग झाला त्या उच्चदाबाच्या संशोधनासाठी १९३१ साली नोबेल पारितोषिक मिळवणारा फ्रीडरिश बेर्गिउस हाही तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लाने लाकडाची साखर करण्याच्या मागे लागला होता. रशियात सेर्गेई लेबेदेव याने मद्यार्कापासून कृत्रिम रबर करण्याची रीत बसवली होती. त्या रबरासाठी धान्य आणि बटाटे आंबवण्यापेक्षा लाकडाचा भुसा आंबवावा, म्हणून सोव्हिएत सरकारने अशा कारखान्यांची मोठी मालिकाच उभी केली. मक्याची बुरकुंडे, सूर्यफुलाची टरफले, सरकीचे साल हेही तिथे कामी आले. तो उद्योग दशकानुदशके चालला. कारण तिथे नफातोट्याचा हिशेब दुकानदाराच्या वहीत होत नव्हता.

या साऱ्यांत मला स्वित्झर्लंडची हकीगत सर्वांत बोधप्रद वाटते. दुसऱ्या महायुद्धात हा चिमुकला देश चहूबाजूंनी कोंडला गेला आणि बाहेरचे तेल दुर्मिळ झाले. तेव्हा एम्स गावी लाकडापासून मद्यार्क काढण्याचा कारखाना निघाला. तो मद्यार्क पेट्रोलात मिसळीत, आणि लोक त्या मिश्रणाला चेष्टेने ‘एम्सचे पाणी’ म्हणत. युद्ध संपले तरी सरकारी मदतीवर कारखाना चालू राहिला. अखेर १९५६ च्या मे महिन्यात हा प्रश्न लोकांच्या मतास टाकण्यात आला: ही मदत पुढे चालू ठेवावी काय? स्विस मतदारांनी ‘नको’ म्हणून सांगितले. संकटात ज्याने गाडी चालवली त्याला संकट टळताच रजा मिळाली. यात कृतघ्नपणा होता असे मी म्हणत नाही. स्वस्त तेल दारात आल्यावर महाग मद्यार्क कोण घेणार? पण काडीचा भाव काडीत नसतो, तो तेलाच्या विहिरीत ठरतो, हे या मतदानाने स्वच्छ दाखवून दिले.

आता थोडे आपल्या घराकडे वळू. आपल्याकडे काडीच्या आधी मळीची पाळी आली. १९३२ साली साखरधंद्याला जकातीचे संरक्षण मिळाले आणि देशात जेमतेम तीस-बत्तीस होते ते साखर कारखाने पाच वर्षांत सव्वाशेच्या वर गेले. साखर झाली तशी मळीही झाली. आणि त्या काळी मळी म्हणजे कारखान्यामागचे दुर्गंधीचे डबके. तिचे करावयाचे काय, या विवंचनेतून मोटारीसाठी मद्यार्क काढण्याची कल्पना पुढे आली, आणि स्वातंत्र्यानंतर १९४८ साली मध्यवर्ती कायदाही झाला. पुढे प्रवरेच्या काठी विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या खटपटीने सहकारी साखर कारखाना उभा राहिला, त्याचे अनुकरण होत गेले, आणि महाराष्ट्रात कारखान्याच्या शेजारी मद्यार्काची आसवनी हे नित्याचे दृश्य झाले. पेट्रोलात पाच टक्के मद्यार्क मिसळण्याचे अलीकडचे पहिले प्रयोगही २००१ साली आपल्याच मनमाडला आणि मिरजेला झाले. तिसरे ठिकाण उत्तर प्रदेशातले आवला. मळी आज डबक्यात सोडीत नाहीत, टाकीत जपून ठेवतात. टाकाऊ ते टाकाऊच राहते असे नाही, हे दाखवावयास दुसरा दाखला नको.

काडीचे कुलूप उघडणारी किल्ली मात्र अगदी अनपेक्षित ठिकाणी सापडली. दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिक महासागरातल्या बेटांवर अमेरिकन सैन्याचे सुती तंबू आणि गणवेश भराभर कुजू लागले. दमट जंगलातली एक बुरशी सूत खात होती. आणि सूत म्हणजे जवळजवळ निव्वळ सेल्युलोज. सॉलोमन बेटांत मिळालेला या बुरशीचा एक नमुना लष्कराने प्रयोगशाळेत जपून ठेवला. एल्विन रीस आणि मेरी मँडल्स यांनी तिचा वर्षानुवर्षे अभ्यास केला, तो आधी तंबू वाचवावे म्हणून. पण १९७३ च्या तेलसंकटानंतर प्रश्नच उलटा झाला. जी बुरशी तंबूची साखर करून खाते ती काडाची साखर करून आपल्याला देईल काय? आम्लाच्या कढया नकोत, बुरशीचा पाचकरसच वापरावा. पुढे १९७७ साली या बुरशीला रीस यांच्या सन्मानार्थ ‘ट्रायकोडर्मा रीसी’ असे नाव मिळाले. शत्रू म्हणून पकडून आणलेला कैदी असा कामावर रुजू झाला.

आणखी एक अडचण उरली होती. नेहमीचे यीस्ट ग्लुकोज आनंदाने आंबवते. पण कुडाच्या वेलांतली, म्हणजे हेमिसेल्युलोजातली, झायलोज ही साखर त्याला चालत नाही. तेव्हा काडीतल्या साखरेचा मोठा वाटा फुकट जाई. फ्लॉरिडा विद्यापीठातले लॉनी इंग्रम यांनी आतड्यात राहणाऱ्या एका सामान्य जंतूत, मद्यार्क करण्यात तरबेज असलेल्या दुसऱ्या जंतूची जनुके बसवली आणि या दुसऱ्या साखरेचाही मद्यार्क होऊ लागला. १९९१ साली अमेरिकन सरकारने या शोधाला एकस्व दिले, आणि त्याचा अनुक्रमांक मुद्दाम गौरवाचा होता: बरोबर पन्नास लाख.

आता सर्व साहित्य जुळले असे वाटले. अमेरिकेने २००७ साली कायदाच केला, की २०२२ पर्यंत वर्षाला सोळाशे कोटी गॅलन मद्यार्क काडीकचऱ्यापासून निघाला पाहिजे. मोठे कारखाने उभे राहिले: इटलीत क्रेशेंतिनोला २०१३ साली, अमेरिकेत कॅन्सस राज्यात ह्यूगोटनला आणि आयोवा राज्यात एमेट्सबर्गला २०१४ साली, आणि त्याच आयोवातल्या नेव्हाडा गावी २०१५ साली. हा शेवटचा वर्षाला तीन कोटी गॅलनांचा. यांतले अमेरिकेतले कारखाने मुख्यतः मक्याची धाटे शेतातून गोळा करून त्यावर चालावयाचे होते. पण ह्यूगोटनचे काम वर्षभरातच थांबले, क्रेशेंतिनो आणि नेव्हाडा २०१७ साली बंद पडले, आणि २०१९ साली एमेट्सबर्गनेही हात टेकले. सोळाशे कोटींचा आकडा कायद्याच्या पुस्तकातच राहिला.

असे का व्हावे? तेल पुन्हा स्वस्त झाले हे एक कारण. पण तेवढेच नव्हे. शेतातली काडी कारखान्यात एकटी येत नाही. ती माती, वाळू, खडे आणि ओल घेऊन येते. वाळूने यंत्रे झिजतात, ओलीने गंजी कुजतात, आणि वाळलेल्या गंजीला ठिणगी पुरते. धान्याचे पोते भरून रचता येते. काडाने गाडी तेव्हाच शिगोशीग भरते आणि वजन मात्र काहीच नसते. आपल्या शेतकऱ्याला हे शिकवावयास नको. कडब्याची गाडी वाटेत कशी कलंडते हे त्याने जन्मभर पाहिले आहे. त्याच सुमारास ब्राझीलमध्ये पिरासिकाबा येथे चिपाडावर चालणारा कारखाना निघाला, तो मात्र तग धरून राहिला. चिपाड हे ऊस गाळताना कारखान्याच्या अंगणातच पडते. त्याला शेतातून वेचून आणावे लागत नाही. म्हणजे ब्राकोनोपासून इंग्रमपर्यंत सर्वांनी सोडवलेल्या गाठी एकीकडे, आणि शेतापासून कारखान्यापर्यंतचा दहा कोसांचा रस्ता एकीकडे. विद्या अडली नाही, गाडी अडली.

हे ध्यानात धरून आता पानिपताला जाऊ. हे नाव काढताच मराठी माणसाच्या मनात १७६१ उभे राहते. पण या गावाशी आपला एक नवा आणि बरा संबंध जडला आहे. मुंबईत माटुंग्याच्या रासायनिक तंत्रज्ञान संस्थेने बसवलेल्या पद्धतीचा एक प्रायोगिक कारखाना २०१६ साली उत्तराखंडातल्या काशीपूरला निघाला. पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजने आपला प्रयोग २०१७ साली दौंडजवळ मांडला. आणि त्याच प्राजच्या तंत्रावर इंडियन ऑइलने पानिपतला उभारलेला मोठा कारखाना १० ऑगस्ट २०२२ रोजी राष्ट्राला अर्पण करण्यात आला. खर्च नऊशे कोटींच्या वर. वर्षाला सुमारे दोन लाख टन भाताचा पेंढा घ्यावयाचा आणि तीन कोटी लिटर मद्यार्क द्यावयाचा, अशी योजना.

पेंढाच का, तर तिकडे तो जाळतात. पंजाब-हरियाणात भूजल वाचवण्यासाठी २००९ साली कायदा होऊन भाताची लावणी जूनच्या मध्याकडे ढकलली गेली. त्यामुळे भाताची कापणी आणि गव्हाची पेरणी यांत जेमतेम दोन-तीन आठवडे उरतात. यंत्राने कापणी केली की हातभर धसकटे आणि विखुरलेला पेंढा मागे राहतो. तो वेचावयास माणसे नाहीत आणि वेळ नाही. मग काडी ओढावयाची. नेमका हाच दिवाळीचा हंगाम, आणि त्या धुराने दिल्लीचे आकाश काळवंडते. लोक शेतकऱ्याला नावे ठेवतात. पण पेंढा उचलण्याचा खर्च त्याने कोठून द्यावा, हे सांगत नाहीत.

वरच्या आकड्यांचा थोडा हिशेब वाचकांनी माझ्याबरोबर करावा. दोन लाख टनांचे तीन कोटी लिटर, म्हणजे टनाला दीडशे लिटर. वर्षाला दोन लाख टन म्हणजे दिवसाला साडेपाचशे टन. एका ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर पाच टन गाठी मावतात असे धरले, तर रोज एकशे दहा ट्रॉल्या फाटकातून आत आल्या पाहिजेत, वर्षाचे बाराही महिने. पण पेंढा मिळतो तो दोन-तीन आठवडेच. म्हणजे वर्षाचे लोणचे जसे एका हंगामात घालून ठेवावे लागते, तशी या दोन लाख टनांची बेगमी त्या थोड्या दिवसांत करावयाची, आणि ती पावसापासून आणि आगीपासून वर्षभर सांभाळावयाची. कारखान्याची खरी परीक्षा भट्टीत नाही, गंजीत आहे.

तरीही हा उद्योग व्हावा असे मला मनापासून वाटते, आणि त्याचे कारण ताटात आहे. २०२५ पर्यंत आपल्या पेट्रोलात मद्यार्काचे प्रमाण वीस टक्क्यांपर्यंत पोचले. पण तो मद्यार्क जवळजवळ सगळा उसाच्या रसाचा, मळीचा, मक्याचा आणि तांदळाचा आहे. म्हणजे जे माणसाच्या तोंडी किंवा कोंबड्या-जनावरांच्या दाणीत जावयाचे, त्यातला वाटा मोटार घेते. काडीचा मद्यार्क तसे करीत नाही. तो कोणाच्या पानातले काढून घेत नाही, असे म्हणतात.

हे म्हणणे पंजाबच्या पेंढ्याला लागू पडते. सर्वच काडीला नाही. मी ज्वारीच्या मुलखातला, सोलापूरकडचा. आमच्याकडे कडबा ‘टाकाऊ’ आहे असे कोणी म्हटले तर म्हातारी माणसे त्याच्याकडे कीव करून पाहतील. कडब्याची गंज हीच घराची पत. सोयरीक जुळवताना पाहुणे आधी गंज पाहत. दुष्काळात दाण्याआधी कडबा संपतो, आणि सरकारला चारा छावण्या उघडाव्या लागतात. विदर्भात पऱ्हाटी चुलीत जाते, तुराट्यांचा कूड होतो. उसाचे पाचट सरीत ठेवले तर ओल धरते आणि कुजून जमिनीलाच मिळते. चिपाड कारखान्याच्या बॉयलरमध्ये आधीच जळत असते. कागदावर जे ‘शेतीतील टाकाऊ पदार्थ’ म्हणून मांडले जाते, त्यातले निम्मेशिम्मे कोणाच्या ना कोणाच्या उपयोगी पडत असते. त्या उपयोगाचा दाम कोणी मोजीत नाही, म्हणून ते फुकट दिसते इतकेच.

मळीचे जे झाले ते काडीचेही होईल. भाव आला की ती जपली जाईल. मग तो भाव कोणाच्या हाती पडणार, एवढाच प्रश्न उरतो. गाठी बांधणाऱ्या यंत्राच्या मालकाच्या, वाहतूकदाराच्या, की जिच्या रानात ती काडी वाढली त्या बाईच्या? आणि दुष्काळी वर्षी कारखान्याची ट्रॉली आणि दावणीचा बैल एकाच गंजीपाशी येऊन उभे राहिले, तर आधी कोणाला द्यावयाचे? शास्त्रज्ञांनी आपले काम दोनशे वर्षांत पुष्कळसे पुरे केले आहे. हे दुसरे काम त्यांचे नव्हे. ते गावाने, बाजाराने आणि सरकारने करावयाचे आहे. आणि ते गंज पेटण्याच्या आधी, जिची ती गंज आहे तिला विचारून करावयाचे आहे.